पत्त्यांना हात लावायचा नाही

१

वायर होती, फोन नव्हता.

भिंतीतल्या प्लगपासून निघालेली चार्जरची पांढरी वायर बुटांच्या कपाटावर आली होती आणि तिचं टोक नुसतंच लोंबकळत होतं. राजाभाऊ सरंजामे एका पायात बूट आणि एका पायात मोजा अशा अवस्थेत तिथे उभे होते. शेजारच्या वेताच्या टोपलीत बाकी सगळ्यांचे फोन जागच्या जागी होते. राजाभाऊंचा स्वतःचा फोनही होता.

"विभाताई," ते म्हणाले, "पूर्णिमा नाहीये इथे."

फोन नाहीये, असं ते म्हणाले नाहीत. विभावरी हातातली पत्त्यांची पेटी टेबलावर ठेवून पॅसेजमध्ये धावली.

पूर्णिमा म्हणजे राजाभाऊंची बायको. ती जाऊन आता तीनेक वर्षं होत आली होती. तिचा जुना, कोपऱ्यात तडा गेलेला फोन राजाभाऊ जिथे जातील तिथे बरोबर नेत. बॅटरी पार म्हातारी झालेली, त्यामुळे कुणाच्याही घरी गेले की आधी प्लग शोधत. पुण्याच्या हॉस्पिटलात शेवटच्या आजारपणात पूर्णिमाने त्या फोनवर आपल्या आवाजात काही निरोप बोलून ठेवले होते. रोज दिवेलागणीला राजाभाऊ ते ऐकत. गंमत म्हणा की दुःख म्हणा, त्यातला एकही निरोप राजाभाऊंसाठी नव्हता. सगळे मुलासाठी होते, देवव्रतसाठी. आणि देवव्रतने त्यातला एकही ऐकलेला नव्हता.

"पडला असेल कुठेतरी," कैवल्य म्हणाला आणि वाकून कपाटाखाली बघू लागला. अबूबकरभाईंनी सगळ्यांचे बूट एकेक करून झटकले. विभावरीने पायपुसणंसुद्धा उचलून पाहिलं.

त्या दुपारी दोह्याच्या बिन महमूद भागातल्या विभावरीच्या फ्लॅटचं दार बाहेरच्या कुणासाठी उघडलं नव्हतं. आत पाचच माणसं होती. त्यांतली मधुरा हॉटेलवर ड्युटी आहे म्हणून थोडी आधी निघाली होती. बाकीची चौघं आत्ता एकमेकांकडे बघत उभी होती, आणि कुणालाच कुणाच्या डोळ्यांत फार वेळ बघवत नव्हतं.

२

या चौकडीला, म्हणजे आता पाचजणांना, एकत्र आणलं होतं एका टेबलाने.

विभावरी मूळची सावंतवाडीची. लग्नाआधी आणि लग्नानंतरही बरीच वर्षं ती पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटीवर डीलर होती. पत्ते वाटायची. नवऱ्याला, श्यामरावांना, कतारमध्ये गॅस प्लँटवर नोकरी लागली तशी ती दोह्याला आली आणि तिचे हात रिकामे झाले. कधीकधी भाजी निवडताना तिची बोटं आपोआप मेथीच्या काड्या पत्त्यांसारख्या सरकवत. नदीवरचा तो ओला वारा, हिरव्या कापडाचा स्पर्श, समोरच्या माणसाचा रोखलेला श्वास… कुणाला सांगणार? चांगल्या घरच्या बाईने कॅसिनोची आठवण काढावी, हे इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना कुठलं पटायला!

मग एकदा गणपतीच्या आरतीनंतर राजाभाऊ तिच्यापाशी आले. "तुम्ही ब्लॅकजॅक वाटायचात म्हणे. मला शिकवाल?"

"एकवीस करायचे, राजाभाऊ. एकविसाच्या वर गेलात की बुडालात. दहा मिनिटांत येईल."

"तो भाग मी वाचून घेतलाय. मला बसायचं कसं ते शिकवा. टेबलावर वागायचं कसं ते."

तेव्हा तिला कळलं, की देवव्रत एका मोठ्या प्रवासी जहाजावर कॅसिनोत डीलर आहे. आई गेली तेव्हा जहाज भर समुद्रात होतं. तो पोचला तोवर सगळं उरकलं होतं. राजाभाऊंनी भरल्या घरात, पाहुण्यांसमोर त्याला सुनावलं होतं: जा, जुगाऱ्यांना पत्ते वाट, मला पुन्हा तोंड दाखवू नकोस. मुलाने ते शब्दशः पाळलं. नंबर बदलला, पत्ता कळवला नाही.

"पुढल्या वर्षी रिटायर होतोय," राजाभाऊ म्हणाले होते. "जहाज शोधून काढणार, तिकीट काढणार आणि त्याच्या टेबलावर जाऊन बसणार. बोलणार काही नाही. पण तिथे माझ्याकडून काही गावंढळपणा झाला आणि त्याला चारचौघांत मान खाली घालावी लागली, असं नको. एकदा झालं तेवढं पुरे."

तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारी, श्यामराव प्लँटवर असताना, विभावरीच्या जेवणाच्या टेबलावर हिरवी चादर पसरायची. पैशाचा खेळ या देशात गुन्हा. तिलाही तो घरात नकोच होता. चिप म्हणून चिंचोके होते. राजाभाऊंबरोबर अल नस्र भागातल्या फ्लॅटमध्ये राहणारा लातूरचा कैवल्य सोबतीला खेळायचा. राजाभाऊंचे जुने स्नेही, रत्नागिरीचे अबूबकरभाई, यांचं अल नस्रमध्येच मोबाइल दुरुस्तीचं दुकान. ते खेळत नसत. "पत्त्यांना हात लावनार नाय मी, वैनी," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "पन बघायला काय हरकत?" कॅसिनोत प्रत्येक टेबलावर छतातून एक कॅमेरा रोखलेला असतो, असं विभावरीने सांगितल्यावर त्यांनी खुर्ची मागे भिंतीला लावली आणि जाहीर केलं, "चला, मी कॅमेरा."

विभावरी शिकवायची. पत्ते उताणे वाटले असतील तर त्यांना बोटही लावायचं नाही. पत्ता हवा तर टेबलावर टकटक करायची, नको तर तळहात आडवा फिरवायचा. तोंडाने बोललेलं धरत नाहीत, कारण छतातल्या कॅमेऱ्याला डोळे असतात, कान नसतात. चिप डीलरच्या हातात कधी द्यायची नाही, टेबलावर ठेवायची, तो उचलेल. एकदा डाव लावला की निकाल लागेस्तोवर त्याला हात नाही. शेजाऱ्याला शहाणपण शिकवायचं नाही. हरलात तर डीलरवर डोळे वटारायचे नाहीत, पत्ते काही तो घरून आणत नाही. डाव रंगात असेल तर मधेच खुर्ची ओढून बसायचं नाही, पत्ते पिसेपर्यंत थांबायचं. आणि फोन टेबलावर आणायचाच नाही.

हा शेवटचा नियम आता विभावरीच्या जिवाला लागला होता. तिच्या नियमापायी तो फोन पॅसेजमध्ये राहिला होता.

"पोलिसात नको," राजाभाऊ बूट न घालताच सोफ्यावर बसले. "आपल्यातलंच कुणीतरी आहे. मला चोर नकोय, विभाताई. मला ती हवीये."

३

विभावरीने पहिल्यांदा कैवल्यला गॅलरीत बोलावलं. खाली रस्त्यावर शुक्रवारच्या दुपारची सुस्ती होती. समोरच्या करक चहाच्या टपरीवर मात्र गाड्या हॉर्न वाजवत उभ्या होत्या.

"पत्ते पिसायला थांबलो तेव्हा तू उठला होतास."

"इथेच, गॅलरीत आलो होतो काकू. मोकळ्या हवेत."

"गॅलरीला कडी होती, कैवल्य. आत्ता मी काढली ती."

त्याने कठड्याला पाठ टेकली. महिनाभरापूर्वी याच मुलाने तिला म्हटलं होतं, की काका रोज संध्याकाळी तो आवाज लावून बसतात, भिंतीपलीकडून मला ऐकू येतं, हे बरं नाही. तो फोन एकदाचा हरवला तर काका माणसांत येतील. ते वाक्य दोघांनाही आता आठवत होतं.

"मी पॅसेजमध्ये होतो," तो शेवटी म्हणाला. "टोपलीतून माझा फोन घेतला आणि बोललो. पण काकांचा फोन मी घेतलेला नाही. आईची शपथ."

"कुणाशी बोललास?"

"कॅनडातल्या कंपनीशी. काम झालंय माझं. पुढच्या महिन्यात निघतोय." त्याने आत सोफ्याकडे पाहिलं. "काकांना कसं सांगायचं ते कळत नाहीये. परत एकटे पडतील. आधी काकू, मग देवव्रत, आता मी."

त्याचे डोळे भरून आले होते. पण डोळे खऱ्यालाही भरून येतात आणि खोट्यालाही. टेबलावर इतकी वर्षं काढलेल्या बाईला ते सांगावं लागत नाही.

"फोन करताना कपाटावर काय होतं?"

"लक्षच नव्हतं माझं. नुसती वायर होती बहुतेक. हो. नुसती वायरच होती. मी ती बोटाला गुंडाळत होतो."

विभावरी आत वळली. अबूबकरभाई पॅसेजमध्ये पाठमोरे उभे होते, आणि खिशातून काढलेली एक छोटी, चपटी वस्तू घाईघाईने परत खिशात ढकलत होते.

४

"दाखवा, अबूभाई."

त्यांनी मुकाट्याने ती काढून तिच्या तळहातावर ठेवली. एका फोनमधला ऐवज दुसरीकडे उतरवून घ्यायची, पेनड्राइव्हसारखी नखाएवढी डबी होती.

"मीच घेनार होतो तो फोन," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? आमची बायको, सुगरा, रोज मागे लागते, अवो त्या बॅटरीचा काय भरोसा, एक दिवस फुगंल आनि भाभींचा आवाज जाईल कायमचा. राजाभाऊ ऐकत नाय. म्हनतो, नक्कल नको, अस्सल तेच पायजे. म्हटलं आज नमाजला आत जाईन, येताना पटकन उतरवून घेईन. त्याला कळनार पन नाय."

"मग?"

"मग काय! असरची अजान झाली, मी उठलो, तुमच्या आतल्या खोलीत नमाज पढलो. भाईर येऊन बघतो तर वायर लटकतेय. वाटलं राजाभाऊने काढून घेतला असंल. गप जाऊन बसलो खुर्चीत. अल्ला बघतोय, वैनी."

विभावरीने मनातल्या मनात दुपार पुन्हा मांडली. कैवल्य उठला तो अबूभाई परत येऊन बसल्यावर. तिला नक्की आठवत होतं, कारण अबूभाई त्याला म्हणाले होते, यल्ला, लवकर ये, डाव थांबलाय. म्हणजे कैवल्य गेला तेव्हा फोन आधीच गेलेला होता. आणि अबूभाईंना तो चोरायचा असता तर ही डबी खिशात कशाला लागली असती? फोन हाती असताना कुणी नकलेचं सामान घेऊन फिरत नाही.

अबूभाई आत असताना टेबलावरून कुणीच उठलं नव्हतं, आणि अजान व्हायच्या आधी दोघंच उठली होती. राजाभाऊ पाणी प्यायला, आणि मधुरा हात धुवायला.

मधुरा! दिवाळीच्या कार्यक्रमात ओळख झालेली नाशिकची हसरी मुलगी. हॉटेलात रिसेप्शनवर. या टेबलावर येऊन तिला जेमतेम दोन महिने झाले होते. "मी कॅसिनो फक्त सिनेमात पाहिलाय काकू," असं ती म्हणाली होती. राजाभाऊंशी तिचं काय वैर असणार? आणि तडा गेलेला, जुना फोन घेऊन ती करणार तरी काय?

तिने मधुराचा नंबर लावला. बंद होता.

"अबूभाई," विभावरी म्हणाली, "तुम्ही आमचा कॅमेरा ना? मग आज काय काय टिपलंत ते मला दाखवा. सांगू नका. करून दाखवा. कोण कसं उठलं?"

अबूबकरभाईंना असल्या गोष्टींची मुळात हौस. ते खुर्चीत बसले आणि राजाभाऊ झाले: दोन्ही हात गुडघ्यांवर, "हुश्श", मग खुर्चीची पाठ धरून उभं राहणं. मग कैवल्य झाले: उठता उठता खिसे चाचपणं. सोफ्यावर बसल्या बसल्या राजाभाऊंनासुद्धा किंचित हसू आलं.

"आनि ही मधुरा," ते म्हणाले. ते सरळ उठले, दोन्ही तळहात हलकेच एकमेकांवर घासले, आधी उताणे केले, मग पालथे, आणि टेबलापासून मागे सरले. "पीठ झाडल्यासारखं. दर वेळी करते. तुम्ही करता तसंच, वैनी. मला वाटलं, तुम्हीच शिकवलंत."

विभावरीने स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं.

"मी शिकवलं नाही," ती म्हणाली. "खेळणाऱ्याला ते शिकवायची गरजच नसते."

५

टेबल सोडताना डीलर आपले हात झाडून दाखवतो. रिकामे आहेत, तळहाताशी चिप लपवलेली नाही, हे वरच्या कॅमेऱ्याला दिसावं म्हणून. वर्षानुवर्षं शिफ्टमागून शिफ्ट ते केलं की हाताला खोडच लागते. विभावरी अजूनही ओट्यापासून बाजूला होताना ते करायची, श्यामराव तिला हसायचे. स्वतःचीच अंगवळणी पडलेली खोड, म्हणून मधुराच्या हाती तिला ती दिसलीच नव्हती.

आता एकेक गोष्ट उजेडात येऊ लागली. पहिल्या दिवशी मधुरा आली तेव्हा खुर्ची रिकामी होती, तरी पत्ते पिसून होईपर्यंत ती भिंतीशी उभी राहिली होती. विभावरीला वाटलं होतं, लाजतेय. सुट्टे चिंचोके मागताना तिने मूठ पुढे केली नव्हती, टेबलावर सारून हात मागे घेतला होता. विभावरीला वाटलं होतं, चटकन शिकतेय. आणि मागच्या शुक्रवारी राजाभाऊंनी सवयीने चिंचोके विभावरीच्या हातात द्यायला हात लांबवला, तेव्हा तीच हळूच पुटपुटली होती, "हातात नको काका, टेबलावर."

"म्हणजे ती पोरगी डीलर होती?" कैवल्य म्हणाला. "मग लपवलं का? तुम्ही तर खूश झाला असता काकू."

"तेच तर," विभावरी म्हणाली. "परक्या देशात, इतक्या वर्षांनी, आपल्या धंद्यातलं माणूस भेटलं असतं तर मी तिला मिठी मारली असती. तिलाही ते ठाऊक होतं. माझ्यापासून लपवण्यासारखं काही नव्हतं. मग या टेबलावर असं कोण होतं, ज्याच्यासमोर 'मी डीलर होते' म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच असता… कुठे होतीस, कुठल्या जहाजावर, आमच्या अमक्याला ओळखतेस का?"

बोलता बोलता ती थांबली. राजाभाऊ ऐकत होते. ती अबूबकरभाईंना स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"तिच्याबद्दल आणखी काही आठवतं? काहीही."

अबूबकरभाईंनी डोकं खाजवलं. "एकदा तिला गाडीतून सोडलं होतं. जुन्या पोर्टला, मिनाला. म्हनाली, मोठं जहाज लागलंय ते बघायचंय. मी म्हटलं, अगं आमी कोकनातले, आमी नाय येवढी हौस करत. हसली. पन उतरताना…" ते घुटमळले. "आरशात बघून टिकली सारखी केली तिने. जहाज बघायला कोन टिकली सारखी करतं?"

हिवाळ्यात आखातात फिरणारी प्रवासी जहाजं दोह्याला लागतात आणि संध्याकाळी निघून जातात, हे विभावरीला माहीत होतं. अबूबकरभाईंनी आपल्या फोनवर बंदराचं वेळापत्रक काढलं. ज्या जहाजासाठी मधुरा तेव्हा गेली होती, तेच उद्या, शनिवारी सकाळी परत लागणार होतं.

आता प्रश्न एवढाच होता, की राजाभाऊंना सांगायचं का? अंदाज खरा निघाला तर ठीक. खोटा निघाला, तर हा माणूस पुन्हा उभा राहायचा नाही. बाहेर सोफ्यावर ते नुसतेच बसले होते. उजेड उतरत आला होता, आणि ही त्यांची आवाज ऐकायची वेळ होती. त्यांचा हात दोनदा खिशाकडे गेला आणि रिकामा परत आला.

"राजाभाऊ," ती त्यांच्यासमोर येऊन म्हणाली, "उद्या सकाळी तयार राहा. फोन मिळेल, असं वाटतंय. आणखी काही विचारू नका."

६

मिनाच्या जुन्या पोर्टवर फिक्या गुलाबी, निळ्या, पिवळ्या रंगाची घरं ओळीने उभी आहेत. त्यांच्या मागे ते पांढरं जहाज असं उभं होतं, की एखादी अख्खी सोसायटी पाण्यावर आणून ठेवलीय. उतारू टोप्या घालून बाहेर पडत होते. विभावरीचं लक्ष मात्र खालच्या बारीक दारावर होतं. कर्मचारी तिथून उतरतात. मांडवीवर असतानाही ती तशाच एका दाराने ये-जा करायची, आणि तसल्या दारातून येणारा डिझेल आणि इस्त्रीचा मिसळलेला वास इथेही येत होता. क्षणभर तिला वाटलं, आत शिरावं. कुणी विचारलं तर सांगावं, माझी शिफ्ट आहे.

"विभाताई," राजाभाऊंनी तिचं कोपर धरलं.

धक्क्याच्या कठड्याशी एका बाकावर मधुरा बसली होती. शेजारी पांढऱ्या शर्टातला, काळ्या पँटमधला एक तरुण होता, गुडघ्यांवर कोपरं टेकून पुढे वाकलेला. कोपऱ्यात तडा गेलेला फोन त्याने दोन्ही हातांनी कानाशी धरला होता.

राजाभाऊ जागीच खिळले. 

"जा," विभावरी म्हणाली.

"नको. आत्ता नको." ते मान हलवत राहिले. "ऐकू दे त्याला. तिला मधे बोललेलं आवडायचं नाही."

आणि ते उन्हात उभे राहिले. विभावरी पुढे गेली. मधुराने तिला पाहिलं आणि उठून चार पावलं पुढे आली. 

"आज संध्याकाळी आणून देणार होते काकू. खरंच."

"मागितला असतास तर त्यांनी दिला नसता?"

"दिला असता. पण कुणासाठी ते सांगावं लागलं असतं. देवव्रतने मला शपथ घातली होती, की नाव काढायचं नाही. आम्ही एकाच जहाजावर होतो. लग्न करायचंय आम्हाला. पण बाबांना न सांगता तो करत नाही, आणि बाबांसमोर उभा राहत नाही. मी जमिनीवरची नोकरी धरली ती मुद्दाम दोह्यात. म्हटलं, आधी माणूस बघू, खरंच इतका कठोर आहे का."

"मग काय दिसलं?"

"पहिल्या शुक्रवारी मी नुसती बघत होते. ते चिंचोके सारखे तुमच्या हातात द्यायचे आणि जीभ चावायचे." मधुराने उन्हात उभ्या राजाभाऊंकडे पाहिलं. "का शिकताहेत ते कळलं तेव्हा घरी जाऊन खूप रडले. देवव्रतला सांगितलं, तर म्हणाला, शक्य नाही, माझे बाबा पत्त्यांच्या कॅटला शिवणार नाहीत. मग त्या फोनबद्दल कळलं. आईचा आवाज आहे, तोही याच्यासाठी, आणि याला पत्ताच नाही. जहाज आज एकच दिवस लागणार होतं, काकू. पुढच्या फेरीपर्यंत ती बॅटरी टिकली नसती तर?"

विभावरीला तिला रागवायचं होतं. कालची ती लोंबकळणारी वायर, राजाभाऊंचा खिशाकडे जाणारा हात, सगळं तिला सुनवायचं होतं. "रात्रभर तो माणूस झोपला नाहीये," एवढंच ती म्हणाली. 

७

निरोप संपले असावेत. देवव्रतने फोन खाली घेतला, शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि मधुरा कुठे गेली म्हणून मान वर केली.

बाप आणि मुलगा एकमेकांकडे बघत राहिले. मुलगा उठला. राजाभाऊ चालत गेले, पण शेवटचं पाऊल त्यांना टाकता येईना. मुलानेच टाकलं, वाकला आणि पायांना हात लावला.

"बाबा, फोन परत पाठवणारच होतो."

"हो रे."

"तुम्ही म्हणाला होतात तोंड दाखवू नकोस, म्हणून…"

"मी काय वाटेल ते बोललो होतो, देवू." राजाभाऊंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. "तू इतका आज्ञाधारक कधी झालास?"

देवव्रत हसला, आणि हसताहसताच त्याला हुंदका आला. मधुरा आणि विभावरी कठड्याशी जाऊन पाण्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मागे दोघं एकदम बोलायला लागले.

ती दुपार त्यांनी बंदराजवळच्या एका छोट्या उपाहारगृहात काढली. देवव्रत सांगत होता आणि राजाभाऊ ऐकत होते: कुठली बंदरं पाहिली, केबिनमध्ये पंख्याचा कसा आवाज येतो, चिडलेला खेळाडू कसा शांत करायचा. त्यावर राजाभाऊ म्हणाले, "मी नाही चिडणार." मग त्यांनी विचारलं, "माझ्याकडून काय चुकतं सांगू? पत्ते उचलतो मी. अजून हात जातोच."

"सगळ्यांचा जातो, बाबा," देवव्रत म्हणाला. "आम्ही हळूच सांगतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

परतायची वेळ झाली तेव्हा त्याने खिशातून तो फोन काढून टेबलावर ठेवला. राजाभाऊंनी तो उचलला, अंगठ्याने काच पुसली आणि मुलाच्या हातात दिला.

"तुझ्या नावचं आहे सगळं. इतके दिवस मी चोरून ऐकलं."

"आणि तुम्ही?"

"मला पाठ आहे." राजाभाऊंनी घसा खाकरला. "दर वेळी खोकला येतो तिला, तो कुठे येतो तेसुद्धा."

मग विभावरीने सुचवलं, आणि अबूबकरभाईंना बोलावून घेण्यात आलं. ते ती नखाएवढी डबी घेऊन धावतपळत आले आणि त्यांनी आवाज उतरवून घेतला. या खेपेला राजाभाऊंनी हरकत घेतली नाही. "खलास," अबूबकरभाई डोळे पुसत म्हणाले, "आता भाभी दोन ठिकानी सुखरूप."

संध्याकाळी जहाजाचा भोंगा झाला. पांढरी भिंत हळूहळू धक्क्यापासून सुटली आणि मधलं पाणी रुंद होत गेलं. कुठल्या खिडकीमागे देवव्रत असेल ते कळायला मार्ग नव्हता. डीलरांच्या केबिनना मुळात खिडक्या नसतात. विभावरीला ते माहीत होतं, पण तिने सांगितलं नाही. तिच्याही डोळ्यांसमोर एक नदी होती, आणि या जन्मी तिथे परत जाणं होणार नव्हतं.

मधुराने दिलेला देवव्रतचा नवा नंबर राजाभाऊंनी आपल्या फोनमध्ये घातला. जहाज धूसर व्हायला लागलं तसा त्यांनी तो लावला. लागला नाही. त्यांनी परत लावला. मधुरा म्हणाली, "काका, आता पुढच्या बंदरावरच लागेल." ते हो म्हणाले आणि आणखी एकदा लावला.

या वेळी पलीकडे घंटी वाजली.

"हॅलो? बाबा? काय झालं?"

"काही नाही रे," राजाभाऊ म्हणाले. "लागतो का ते बघत होतो."